क्लच उघडण्याआधी

"क्लचप्लेट गेलीय, बदलून द्या." जुनी स्पोर्ट्स कार घेऊन गासला माझ्याकडे येणारे बहुतेक मालक गाडीतून उतरता उतरता हेच सांगतात. कुणीतरी त्यांच्या मनात ते भरवलेलं असतं. कधी दुसऱ्या मिस्त्रीनं, कधी रॅलीत भेटलेल्या मित्रानं. काहींनी तर इंग्लंडहून नवा क्लचसेट मागवून डिकीत आणलेला असतो. मी म्हणतो, सेट डिकीतच राहू द्या, आधी गाडी काय करते ते सांगा. इतकी वर्षं हात काळे केल्यावर मला एवढं पक्कं कळलंय की क्लचची तक्रार घेऊन आलेल्या जुन्या गाडीत पुष्कळदा क्लच ठणठणीत असतो आणि दोष पेडलपासून क्लचपर्यंतच्या वाटेत कुठेतरी बसलेला असतो. ती वाट न तपासता गिअरबॉक्स उतरवणं हा आमच्या धंद्यातला सगळ्यात महागडा आळस आहे.

गास हे नालासोपाऱ्याच्या पश्चिमेचं, समुद्राकडच्या बाजूचं गाव. केळी, पानवेली, भाजी आणि फुलांच्या वाड्या. आमच्याही वाडीत विहिरीवर डिझेल इंजिन होतं आणि ते बंद पडलं की घरात जेवणावर बोलणं कमी आणि इंजिनावर जास्त व्हायचं. तिथूनच हा नाद लागला. पुढे नालासोपाऱ्याहून लोकल पकडून मुंबईत ऑपेरा हाऊसच्या बाजूला एका गॅरेजमध्ये कामाला लागलो. सुरुवातीला हाताखाली फियाट आणि अँबॅसिडरच होत्या. पण त्या अँबॅसिडरनंच मला स्पोर्ट्स कारच्या दारात नेऊन उभं केलं. १९५९पासून अँबॅसिडरमध्ये बीएमसीचं १४८९ सीसीचं ओव्हरहेड व्हॉल्व्ह इंजिन येऊ लागलं, आणि १९५५ साली इंग्लंडमध्ये निघालेल्या एमजीए या दोन सीटांच्या गाडीतही त्याच घराण्याचं १४८९ सीसीचं इंजिन होतं. मुंबईतल्या एमजीवाल्यांना म्हणूनच अँबॅसिडरचा मिस्त्री चालायचा. सामानही इकडचं तिकडे बसवलं जायचं, कधी नीट, कधी ओढूनताणून. क्लचप्लेटच्या मधल्या भोकातले दाते, म्हणजे स्प्लाइन, मोजल्याशिवाय एकाची प्लेट दुसऱ्याला घेऊ नये, हे मी त्या दिवसांत शिकलो. बाहेरून आठ इंचाच्या दोन प्लेटा अगदी जुळ्या दिसतात आणि शाफ्टवर मात्र जात नाहीत.

त्या गॅरेजमधल्या वस्तादांच्या खिशात कायम सहा इंची स्टीलची पट्टी असायची. पाना हातात घेण्याआधी ते पट्टी काढत. पेडल जमिनीपासून किती उंच आहे, दाबल्यावर पहिला रिकामा खेळ किती, मग वजन कुठे लागतं, गाडी कुठे उचलते, हे सगळं ते भिंतीवर खडूनं लिहीत. आम्हा पोरांना ते कंटाळवाणं वाटे. आज माझ्या शेडच्या भिंतीवर तसेच आकडे आहेत.

क्लचचं काम धरणं आणि सोडणं. इंजिनाचं फ्लायव्हील आणि प्रेशरप्लेट यांच्यामध्ये क्लचप्लेट चिमटीत धरलेली असते. पेडल दाबलं की चिमटी सुटते. म्हणजे मुळात तक्रारी दोनच, धरत नाही किंवा सोडत नाही. पण मालक दोन्हींना 'क्लच गेला' म्हणतो आणि घाईचा मिस्त्रीही तेच ऐकतो. इथेच पहिली चूक होते, कारण या दोन तक्रारींची कारणं एकमेकांपासून फार लांब आहेत. धरत नसेल तर घोडबंदरच्या गायमुख चढावर ॲक्सिलरेटर दाबल्यावर इंजिन ओरडतं आणि गाडी जागच्या जागी राहते, जळका वास येतो. खात्री करायला घाट लागत नाही. सपाट जागी हँडब्रेक घट्ट ओढा, टॉप गिअर टाका, थोडा ॲक्सिलरेटर देऊन पेडल हळूहळू सोडा. क्लच चांगला असेल तर इंजिन धडपडून बंद पडतं. बंद न पडता फिरतच राहिलं तर क्लच स्लिप मारतोय. ही चाचणी एकदाच करायची. पुन्हा पुन्हा केली तर चांगली प्लेटही जळते.

सोडत नसेल तर गोष्ट वेगळी. रिव्हर्स टाकताना करकर आवाज येतो, सिग्नलला पहिला गिअर पडत नाही, किंवा पेडल तळाला असतानाही गाडी पुढे सरकायला बघते. तेव्हा मी मालकाला सांगतो, गाडी न्यूट्रलवर चालू ठेवा, पेडल पूर्ण दाबा, थोडा वेळ थांबा आणि मग रिव्हर्स टाका. इतकं थांबूनही करकर झाली तर क्लच पूर्ण सुटत नाही हे नक्की. अशा गाडीत प्लेट झिजलेली असण्याची शक्यता सगळ्यात कमी. झिजलेली प्लेट स्लिप मारते. न सुटण्याचं खापर सहसा तिच्यावर फुटू नये.

एका एमजीबीची गोष्ट यावरच आहे. मुंबईहून आलेली, १९६०च्या दशकातली, रंग-क्रोम सगळं नवं केलेली गाडी. क्लच सुटत नव्हता. आधीच्या गॅरेजनं गिअरबॉक्स काढायला सांगितलं होतं. एमजीबीत हे सोपं काम नाही. आमच्याकडे इंजिन आणि गिअरबॉक्स दोन्ही एकत्र वर उचलून काढतात. मालकानं क्लचप्लेट, प्रेशरप्लेट आणि बेअरिंग असा पूर्ण सेट बाहेरून मागवला होता. माझ्या मदतनिसाला पेडलवर बसवलं आणि मी गाडीखाली पट्टी घेऊन झोपलो. पेडल दाबलं की वरचा मास्टर सिलिंडर ऑइलमधून दाब खालच्या स्लेव्ह सिलिंडरकडे पाठवतो आणि स्लेव्हचा दांडा साधारण अर्धा इंच पुढे यायला हवा. तो जेमतेम अर्ध्याइतका येत होता. म्हणजे क्लचला सुटायची आज्ञाच पुरी पोचत नव्हती. मग ऑइल तपासलं, एअर काढली, फरक नाही. पेडलच्या वरच्या टोकाला बघितलं तर पेडल आणि मास्टर सिलिंडरचा दांडा जोडणारी पिन झिजून मधोमध बारीक झाली होती आणि पेडलचं भोक लांबट झालं होतं. पाय दाबत होता, पण दाबाचा पहिला भाग त्या ढिल्या भोकातच संपत होता. नालासोपाऱ्याच्या लेथवाल्यानं भोकात बुश बसवून दिला, नवी पिन घातली. गाडी त्याच संध्याकाळी परत गेली आणि इंग्लंडचा सेट खोक्यातून बाहेरही आला नाही.

स्लेव्हच्या दांड्याची चाल मोजणं, हे एकच माप बहुतेक वाद मिटवतं असं मी आजही मानतो. चाल पुरी असूनही क्लच सुटत नसेल तर आजार बहुधा आत आहे. चाल कमी असेल तर आजार बाहेर आहे, हात आवरा. बाहेरचा आजार म्हणजे झिजलेली पिन, हवा शिरलेली पाइप, आतून मऊ पडलेली रबरी होज (पेडल दाबलं की ती फुगते आणि दाब तिथेच जिरतो), किंवा गळणारे सील.

सीलांबद्दल थोडं सविस्तर सांगतो, कारण आमच्या किनाऱ्यावर हा विषय जिवाचा आहे. ब्रेक आणि क्लचला एकच ऑइल लागतं आणि ते हवेतली ओल शोषून घेतं. समुद्र जवळ, पावसाळा चार महिने. स्लेव्ह सिलिंडर सगळ्यात खाली बसलेला, त्यामुळे ओल तिथे जाऊन साठते. गाडी सहा महिने उभी राहिली की सिलिंडरच्या आतल्या पृष्ठभागावर गंजाचे खड्डे पडतात आणि नवं सीलही पहिल्याच आठवड्यात फाटतं. फक्त सील बदलून गाडी दिली तर ती परत येणार, हे ठरलेलं. आत बोट फिरवून बघावं. खडबडीत लागलं तर नवा सिलिंडर किंवा स्लीव्ह, तिसरा मार्ग नाही.

यापेक्षा वाईट म्हणजे चुकीचं तेल. एका एमजीएच्या डब्यात कुणीतरी जॅकचं हायड्रॉलिक ऑइल ओतलं होतं. खनिज तेलानं या गाड्यांचे रबरी सील फुगून स्पंजासारखे होतात. मालकाची तक्रार फक्त क्लचची होती, पेडल वर येत नाही एवढीच. पण एमजीएत क्लच आणि ब्रेकचे मास्टर सिलिंडर एकाच डब्यात शेजारी शेजारी आहेत, ऑइल वरून एकच. क्लचचं सील फुगलं तर ब्रेकचंही फुगणार. मी चावी काढून घेतली आणि गाडी तिथून टेम्पोत घालूनच हलवायची असं सांगितलं. मालक रागावले. वर्सोवा पुलाच्या उतारावर ब्रेक अडकले किंवा लागलेच नाहीत तर काय, हे समजावल्यावर खाली बसले. सगळे सील, सगळ्या होज बदलल्या, पाइपलाइन स्पिरिटनं धुतली. क्लचची तक्रार ही कधीकधी ब्रेकनं आधी पाठवलेली सूचना असते, हे त्या गाडीनं शिकवलं.

त्यापेक्षाही मोठा धडा एका ट्रायम्फ स्पिटफायरनं दिला. स्पिटफायर ही हेराल्डच्या चॅसिसवरून बेतलेली गाडी. हेराल्ड आपल्याकडे मद्रासला स्टँडर्ड कंपनी १९६१ ते १९७१ बनवत होती, त्यामुळे तिची चाल जुन्या मिस्त्र्यांना ठाऊक आहे. या दोन्हींचा गिअरबॉक्स गाडीच्या आतून, सीटा आणि मधलं कव्हर काढून बाहेर येतो. काम सोपं, म्हणून ते करून टाकायचा मोहही मोठा. तक्रार तीच, रिव्हर्सला करकर. तोपर्यंत मी अशा गाड्यांत पिन, होज, सील एवढंच शोधत असे आणि बहुधा सापडेही. इथे सगळं ठीक होतं. मालकानं बोलता बोलता सांगितलं की सिग्नलला पेडल दाबलं की इंजिनाचा आवाज थोडा खाली जातो. तोच धागा होता. बॉनेट उघडलं, मदतनिसाला पेडल दाबायला लावलं आणि मी इंजिनाच्या पुढच्या पुलीकडे बघत राहिलो. पेडल दाबलं की पुली पुढे सरकत होती, सोडलं की मागे. डोळ्यांना दिसेल इतकी.

क्लच दाबताना जो जोर लागतो तो क्रँकशाफ्टला पुढे ढकलतो. क्रँक जागेवर राहावा म्हणून मागच्या मेन बेअरिंगपाशी दोन अर्धगोल थ्रस्ट वॉशर असतात आणि खेळ इंचाच्या काही हजारांशांइतकाच ठेवायचा असतो. या गाडीत वॉशर झिजून खाली पडला होता. सम्प उतरवला तर तेलातच सापडला. आणखी काही दिवस गाडी तशीच चालवली असती तर क्रँकनं ब्लॉक खाल्ला असता आणि ते इंजिन भंगारात गेलं असतं. ब्लॉक वाचला होता. मागची कॅप काढून नवे वॉशर घातले, गिअरबॉक्सला हात न लावता क्लच सुटायला लागला. तेव्हापासून क्लचची कुठलीही गाडी आली की मी आधी पुलीकडे बघतो. आणि मालकाला मध्येच तोडत नाही. जे वाक्य त्याला बिनमहत्त्वाचं वाटतं तेच बऱ्याचदा कामाचं निघतं.

आवाजाचंही तसंच. पेडल दाबल्यावर घरघर सुरू होत असेल तर रिलीज बेअरिंग. पेडल वर असताना घरघर आणि दाबल्यावर बंद, तर गिअरबॉक्सच्या इनपुट शाफ्टचं बेअरिंग. जुन्या एमजींचं रिलीज बेअरिंग गोळ्यांचं नसून ग्राफाइटच्या कड्याचं असतं. ते आवाज न करता झिजतं. पेडलवर पाय ठेवून चालवायची सवय किंवा जाममध्ये गिअर टाकून पेडल दाबून उभं राहायची सवय त्याला संपवते. हे बेअरिंग बदललेला मालक सहा महिन्यांत परत आला तर मी गाडी तपासण्याआधी त्याच्या शेजारी बसून फाउंटन हॉटेलपर्यंत जाऊन येतो. हायवेच्या जाममध्ये त्याचा डावा पाय काय करतो ते दिसतं. सिग्नलला न्यूट्रल करा आणि पाय उचला, एवढं ऐकलं तरी तेच बेअरिंग वर्षानुवर्षं जातं.

गाडी उचलताना थरथरते ही तक्रार मला सगळ्यात अवघड वाटते, कारण तिचं कारण कुठेही असू शकतं. प्लेटवर तेल, तापून वाकडं झालेलं फ्लायव्हील, मऊ पडलेलं इंजिन माउंटिंग. एका एमजी टीडीत, म्हणजे १९५० ते ५३मधल्या गाडीत, माउंटिंगच्या रबराचा चिखल झाला होता. पेडल सोडलं की अख्खं इंजिन हलायचं आणि त्याबरोबर क्लचची ओढही बदलायची. नवं रबर, थरथर बंद. तेलाचं कारण असेल तर मी आधी बेलहाउसिंगच्या, म्हणजे क्लचभोवतीच्या कवचाच्या, तळाला हात घालतो. या इंग्रजी गाड्यांत तिथे एक भोक आणि त्यात लोंबती स्प्लिट पिन असते. ती गाडीबरोबर हलत राहावी आणि भोक मोकळं राहावं, यासाठी. इंजिनाचं झिरपणारं तेल तिथून खाली पडावं, प्लेटवर जाऊ नये. थेंब पडतो म्हणून कुणी ते भोक एमसीलनं बुजवतात. मग तेल आत साठतं आणि प्लेट भिजते.

सॅन स्टॉर्मही माझ्याकडे येऊन गेली, बंगळूरच्या सॅन मोटर्सची, फायबरच्या बॉडीची आणि रेनॉच्या इंजिनाची छोटी उघडी गाडी. पेडल दगडासारखं जड झालं होतं. केबल आतून गंजली होती, बाकी काही नाही.

आमच्या भागातला खास आजार म्हणजे चिकटलेली प्लेट. जूनमध्ये गाडी ताडपत्रीखाली जाते ती ऑक्टोबरमध्ये निघते, आणि तेवढ्यात प्लेट गंजून फ्लायव्हीलला घट्ट बसलेली असते. पेडल अगदी बरोबर, स्लेव्हची चाल पुरी, तरी गिअर पडत नाही. इथे माझं अर्ध्या इंचाचं माप आजार आत आहे असंच सांगतं, पण उघडायची घाई तरीही करत नाही. इंजिन चांगलं गरम करून बंद करायचं, समोर मोकळी जागा बघायची, दुसऱ्या गिअरमध्ये टाकून स्टार्टरवरच गाडी चालू करायची आणि पेडल पूर्ण दाबून ॲक्सिलरेटर देत-सोडत राहायचं. बहुतेक वेळा 'ठक्' असा आवाज होऊन प्लेट सुटते. पहाटे रस्ता रिकामा असतानाच मी हे करतो आणि ब्रेकची खात्री केल्याशिवाय करत नाही. मात्र पुरात उभ्या राहिलेल्या गाडीला हा उपाय लावू नये. जुलै २०१८च्या पावसात वसई-नालासोपाऱ्यात पाणी चढलं, लोकल बंद पडल्या, सोसायट्यांचे पार्किंग बुडाले. तेव्हा ज्या गाड्यांच्या बेलहाउसिंगमध्ये पाणी शिरलं त्यांच्या क्लचमध्ये गाळ बसला होता. तिथे प्लेट सोडवून गाडी चालवली तर तो गाळ फ्लायव्हीलला सँडपेपर मारतो. ती गाडी उघडायचीच.

पैशांबद्दलही बोललं पाहिजे. इंजिन उतरवून क्लच बदलला तर मालक मोठं बिल घासाघीस न करता देतो. पण अर्धा दिवस मोजमाप करून एक पिन बदलली की "एवढ्याशा पिनेचे इतके?" असा प्रश्न येतो. यामुळे चांगले मिस्त्रीही नाइलाजानं उघडण्याकडे वळतात. पोट सगळ्यांना आहे. मी आता गाडी आत घेतानाच तपासणीचे पैसे वेगळे सांगतो, दोष छोटा निघो की मोठा. ज्यांना पटत नाही ते दुसरीकडे जातात. जे थांबतात त्यांच्या गाड्या माझ्याकडे वर्षानुवर्षं येतात.

जुन्या गाड्या ठेवणाऱ्यांना माझं सांगणं आहे: पावसाळ्यात पंधरा दिवसांतून एकदा तरी गाडी चालू करून पेडल पुष्कळदा दाबा, आणि क्लच-ब्रेकचं ऑइल दरवर्षी बदला, रंग चांगला दिसत असला तरी.

आणि माझ्यासारख्या गॅरेजवाल्यांना कळकळीची विनंती. या गाड्यांच्या काळातल्या क्लचप्लेटच्या लायनिंगमध्ये ॲस्बेस्टॉस असायचं. झिजलेल्या प्लेटची राखाडी धूळ बेलहाउसिंगमध्ये भरून राहिलेली असते. आम्ही पोरं होतो तेव्हा ती कॉम्प्रेसरच्या हवेनं उडवायचो, सगळं गॅरेज धुरकट व्हायचं आणि कुणी काही बोलायचं नाही. ॲस्बेस्टॉसचे सगळे प्रकार माणसाला कॅन्सर करतात हे जागतिक आरोग्य संघटनेनं स्पष्ट सांगितलं आहे, आणि तो आजार श्वासात धूळ गेल्यावर कित्येक वर्षांनी दिसतो. तुमच्याकडे काम शिकणारं पोर सोळा-सतरा वर्षांचं असतं. त्याच्या हातात ओलं फडकं द्या, ब्रेक क्लीनर द्या, मास्क द्या, धूळ ओली करून पुसा आणि ते फडकं पिशवीत बांधून टाका. माझ्या शेडमध्ये क्लच उघडला असताना हवेची पाइप हातात घ्यायला सगळ्यांना बंदी आहे.